पोकळ चिंच पाडताना: चोपडा तालुक्यातलं एक प्रकरण

चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. गावठाणाच्या उत्तर कडेला, आप्पांच्या खळ्यालगत, एक जुनी चिंच उभी होती. छातीच्या उंचीवर घेर ५.२ मीटर, म्हणजे व्यास १.६५ मीटरच्या आसपास. उंची साधारण १८ मीटर. तिच्या पूर्वेला ४ मीटरवर आप्पांचं धाब्याचं घर, दक्षिणेला जेमतेम बैलगाडी जाईल एवढी गल्ली, पश्चिमेला विहीर आणि विहिरीपलीकडून गेलेली ११ केव्हीची विजेची लाइन, उत्तरेला मोकळं खळं. खळ्यात यायला शेतातून वाट होती, पण वाटेत नाल्यावरची अरुंद फरशी. तिच्यावरून ट्रॅक्टर जातो, क्रेन जात नाही.

चिंच पूर्वेकडे, थेट घरावर कललेली होती आणि आतून पोकळ होती. आदल्या वर्षी वळवाच्या वादळात तिची मांडीएवढी फांदी ओट्यावर आली. तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मे-जूनच्या वाऱ्यानं केळीच्या बागा आडव्या झाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात. त्याच वाऱ्यात अशी झाडंही जातात. त्यांची बातमी मात्र माणूस दगावला तरच होते.

मी वनखात्यातून निवृत्त झालेला माणूस. गावानं बोलावलं ते परवानगीच्या कागदांसाठी. पण पुढचं सगळं काम जवळून पाहायला मिळालं, आणि हाताच्या करवतीनं मोठं झाड पाडणं म्हणजे नेमकं काय करणं असतं, हे इतकं उघडं क्वचितच दिसतं. म्हणून हे टिपण.

पाडायची की राखायची

पहिला प्रश्न हाच होता आणि तो कुणी झटकला नाही. माय, म्हणजे आप्पांच्या आई, झाड पाडायच्या विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं, फांद्या छाटा आणि सोडून द्या. म्हणणं अडाणी नव्हतं. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड असं नसतं. झाडाचं पाणी वर चढतं ते सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून. गाभा गेला तरी पालवी येते, चिंचाही लागतात. आप्पांच्या चिंचेलाही लागत होत्या.

अडचण होती ती उरलेल्या लाकडाच्या जाडीची. पोकळ खोडाचं धड लाकूड सगळीकडून त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून पातळ झालं की झाड तपासणारे सावध होतात. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे, आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. या झाडात त्रिज्या ८२ सेंटिमीटर, म्हणजे २५ सेंटिमीटरची भिंत हवी. पश्चिमेच्या बाजूला, बुंध्याजवळ, ती १२ भरली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या बाजूला वर्षानुवर्षं कचरा पेटवला जात होता, थंडीत शेकोटीही तिथेच. आगीनं साल गेली, सालीमागून पाणी आणि बुरशी शिरली. ढोलीचं तोंड माणूस वाकून आत जाईल एवढं झालं होतं आणि आतल्या भिंती कोळशासारख्या काळ्या.

कललेल्या झाडात ज्या बाजूला कल असतो ती बाजू दाबली जाते आणि उलटी बाजू ताणली जाते. म्हणजे पूर्वेकडे कललेली ही चिंच पश्चिमेच्या लाकडानं धरून ठेवली होती, आणि जळालं होतं नेमकं पश्चिमेचं लाकूड. छाटणीनं भार कमी झाला असता, पण घराच्या बाजूची फांदी न् फांदी काढावी लागली असती, आणि एवढ्या जखमा भरून काढण्याइतकं बळ या खोडात नव्हतं. गावातल्या एका तरुणानं झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचं सुचवलं. मोबाइलवर असे व्हिडिओ दिसतात खरे. बुंधाच जळून पोकळ झालेलं पाच मीटर घेराचं झाड त्यांत नसतं.

चिंच खासगी जागेत असली तरी राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ती येते. साग, आंबा, मोह, अंजन, जांभूळ यांच्यासारखीच. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, जागेची पाहणी, पंचनामा, मोजमाप, मग परवानगी. यात उन्हाळ्याचे काही आठवडे गेले आणि ते बरंच झालं, कारण वरच्या एका ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. तोवर तिची पिल्लं उडाली.

कुणी पाडायची

तालुक्याच्या ठिकाणाहून एक कंत्राटदार येऊन पाहून गेला. त्याच्याकडे पेट्रोलवरची कटर मशीन होती, पात्याची लांबी २२ इंच. त्याचा बेत सोपा होता: शेंड्याला तारेचा दोर, दोराला ट्रॅक्टर, मशीननं मागून कापत यायचं आणि ट्रॅक्टरनं खळ्याकडे ओढून घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम. आप्पांना बेत पटला होता. मग कुणीतरी नानांचं नाव काढलं.

नाना सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी सातपुड्यातल्या सरकारी कूपांवर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर, करवत ओढलेली. जंगलातली तोड हळूहळू आटली. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं जंगलांबाबतच्या गोदावर्मन प्रकरणात मंजूर कार्य आयोजनेशिवायची, म्हणजे तोडीच्या मंजूर आराखड्याशिवायची, जंगलतोड थांबवली, पुढे बेपरवाना आरागिरण्याही बंद करायला लावल्या, आणि या कामावर जगणारे बरेच जण शेतमजुरीकडे वळले. नाना नंतर रस्त्याकडेची, विहिरीवरची, घरावर झुकलेली झाडं पाडत राहिले. बरोबर दोन पुतणे आणि झाडावर चढणारा एक पोरगा.

ट्रॅक्टरचं ऐकून नाना म्हणाले, "ट्रॅक्टरले काय समजस, झाड कवा निघनं ते?" मुद्दा रोखठोक होता. यंत्र ओढतं ते झटक्यानं. काप पुरेसा आत जाण्याआधी झटका बसला तर पोकळ खोड उभं चिरतं, कापानंतर उशिरा बसला तर तोवर झाडानं आपली वाट निवडलेली असते. शिवाय तारेचा ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि मधे जे असेल ते कापून जातो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हे हाताच्या कामाचं कौतुकपुराण व्हायचं. मशीन वाईट नव्हती. लांब पात्याची मशीन आणि ती चालवणारा जाणता माणूस मिळाला असता तर मी मशीनच निवडली असती. ४४ इंचांहून जाड खोड २२ इंची पात्यानं दोन्हीकडून कापलं तरी मधला भाग सुटतो, हे साधं गणित होतं. आणि मशीनच्या आवाजात लाकडाचा आवाज ऐकू येत नाही.

ओळंबा, कुऱ्हाडीची पाठ, गिरमिट

नानांनी पहिल्या दिवशी काहीच कापलं नाही. गवंड्याचा ओळंबा मागवला. खळ्याच्या उत्तर टोकाला उभं राहून दोरी डोळ्यासमोर धरली आणि तिच्याआडून शेंडा पाहिला. मग पश्चिमेला विहिरीच्या काठावरून तसंच. खोड पूर्वेकडे कललं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. ओळंब्यानं दिसलं ते हे की खोडाच्या कलापेक्षा विस्ताराचा कल जास्त आहे. पूर्वेच्या तीन मोठ्या फांद्या घराच्या धाब्यावरून पार पलीकडे गेल्या होत्या. हिरवं चिंचेचं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. ६० सेंटिमीटर जाडीच्या फांदीचा ५ मीटरचा तुकडा घेतला तर तो सव्वा टनाच्या पुढे जातो, आणि हे वजन खोडापासून जितकं लांब तितकी त्याची ओढ जास्त.

मग कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत नाना बुंध्याभोवती फिरले. वीतभर अंतरावर एक ठोका, कान लावायचा, पुढे. पूर्वेला आवाज कोरडा, टणक. दक्षिणेला किंचित कमी टणक. पश्चिमेला नुसता ढब्ब. "आयका साहेब, हाई बाजू गयेल शे." आवाज बदलला की तिथे खडूची खूण. खुणा जोडल्या तेव्हा खोडावर वेडीवाकडी रेघ उमटली, जमिनीजवळ रुंद आणि वर जाताना अरुंद होत गेलेली.

आवाजावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. गिरमिट लावून खूण केलेल्या जागी भोकं पाडली. गिरमिट धड लाकडात असतं तोवर हाताला रेटा लागतो आणि फिकट पिवळा कीस येतो. पोकळीत शिरताना रेटा एकदम सुटतो आणि कीस तपकिरी, भुकटीसारखा होतो. त्या क्षणी गिरमिटावर बोट धरून खोली मोजायची. जमिनीपासून मीटरभर उंचीवर पश्चिमेची भिंत १२ सेंटिमीटर, पूर्वेची ४०. दोन मीटर उंचीवर पश्चिमेची २४, पूर्वेची ३८, उत्तर आणि दक्षिण ३० च्या आसपास.

माझ्या मते झाड पाडण्याचा खरा निर्णय या पाच-सहा भोकांत झाला.

कापायचं कुठे

कूपातला नियम उलटा. तिथे साग तोडायचा तो जमिनीलगत, शक्य तितका खाली, म्हणजे खुंटाला मुळाजवळून जोमदार फुटवा येतो आणि लाकूडही वाया जात नाही. वर्षानुवर्षं तसं तोडलेल्या माणसानं इथे दोन मीटर उंचीवर कापायचं ठरवलं. मला हा या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय वाटतो.

कारण समजून घ्यायला हवं. झाड हवं तिकडे पाडायचं तर त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतात, खोडाच्या व्यासाच्या पाव भागापर्यंत खोल. मग उलट्या बाजूनं, खाचेच्या तळापेक्षा चार बोटं वर, मागचा काप. हे दोन काप एकमेकांना भिडू द्यायचे नसतात. मधे न कापलेल्या लाकडाची आडवी पट्टी ठेवायची, व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. झाड पडताना दाराच्या बिजागरीसारखं या पट्टीवर वळतं. ती आहे तोवर झाड तुमच्या ताब्यात, ती तुटली की ते कुणाचंच नाही.

इथे झाड पाडायचं होतं उत्तरेला, खळ्यात. म्हणजे बिजागरी पूर्व-पश्चिम. झाडाचा कल पूर्वेला. अशा आडव्या कलात बिजागरीचं कलाच्या उलट टोक जाड ठेवतात, कारण पडणाऱ्या झाडाला मागे धरून सरळ वाटेवर आणायचं काम ते टोक करतं. या चिंचेत ते टोक पश्चिमेला येत होतं. बुंध्याजवळ कापलं असतं तर जिथे सगळ्यात भक्कम लाकूड हवं तिथे १२ सेंटिमीटरची जळकी भिंत मिळाली असती. ती तुटली असती आणि झाड पूर्वेला फिरलं असतं. कंत्राटदाराच्या बेतात काप जमिनीपासून दोन फुटांवर होता.

वर कापायला उभं कुठे राहायचं, हा पुढचा पेच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जुने लाकूडतोडे राक्षसी झाडांच्या फुगलेल्या बुंध्याच्या वर कापण्यासाठी खोडात खाचा पाडून त्यात फळ्या रोवत आणि त्या फळ्यांवर उभं राहून करवत ओढत. त्या काळची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत, पाहताना छाती दडपते. पुतण्यांनी बांबूची परांची बांधायचं म्हटलं. नाना नाही म्हणाले. झाड निघाल्यावर परांचीवरून उडी मारावी लागते, आणि उडी मारणारा माणूस कुठे पाय ठेवतो ते त्याच्या हातात नसतं. त्यांनी मुरूम मागवला. खोडाच्या पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बाजूंना सव्वा मीटर उंचीचा भराव, आणि दक्षिणेच्या दोन कोपऱ्यांतून खाली उतरणारे दोन रुंद उतार. झाड जिकडे पडणार त्याच्या थेट मागे नव्हे, मागे आणि तिरकं, कारण पडताना बुंधा कधी कधी सरळ मागे उसळतो. उतारावरचे दगड वेचून टाकले. चालून दाखवा, मग पाठमोरं चालून दाखवा, असं नानांनी दोन्ही पुतण्यांना करायला लावलं. गावातली पोरं हसत होती.

घरावरचा भार

पूर्वेच्या फांद्या आधी काढायच्या, पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या शेवटपर्यंत ठेवायच्या, असा क्रम ठरला. पश्चिमेच्या फांद्या कलाला तोल देत होत्या, उत्तरेच्या झाडाला खळ्याकडे ओढणार होत्या. पाहायला येणारा प्रत्येक जण विचारायचा की त्या का ठेवल्या, आणि प्रत्येकाला आप्पाच उत्तर द्यायला लागले.

घर रिकामं केलं. धाब्यावर कडब्याच्या पेंढ्यांचा थर टाकला. पोरगा वर चढला, कमरेला दोन दोर, एक सोडण्याआधी दुसरा बांधायचा. फांदीला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून खाली आणला आणि शेजारच्या बाभळीच्या खोडाला तीन वेढे दिले. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा माणूस अर्ध्या टनाचा तुकडा हळूहळू सोडू शकतो. वेढे नसतील तर तो माणूसच वर जातो. काप आधी खालून थोडा, मग वरून. उलट केलं तर फांदी तुटताना खालची साल सोलत खोडापर्यंत येते, आणि वर बसलेल्या पोराचा पाय तिथेच असतो. तुकडे लहान, घाई नाही. दुपारी बाराला काम बंद, ऊन आणि वारा दोन्हीमुळे. दोनदा पेंढ्यांवर डहाळ्या आदळल्या, धाब्याला काही झालं नाही.

उतरवलेला पाला-डहाळ्या नानांनी खळ्यात पसरवून घेतल्या, चिंच जिथे आडवी होणार त्या पट्ट्यात. कॅलिफोर्नियात रेडवूड पाडणारे असंच अंथरूण करत, कारण त्याशिवाय ते अवाढव्य खोड पडताना फुटून लाकूड मातीमोल व्हायचं. आपल्या चिंचेचं लाकूड चिवट, उलटसुलट रेषांचं, सहज फुटणारं नव्हे. इथे अंथरूण हवं होतं ते खोड आदळून घरंगळू नये म्हणून.

खाच, लोखंडी कडी आणि एक रात्र

खाच कुऱ्हाडीनं घेतली. तळाचा आडवा काप करवतीनं, वरचा तिरका भाग कुऱ्हाडीनं, ढलपे बोटभर जाडीचे. खाच वीतभर आत गेली तेव्हा कुऱ्हाड खणकली. ठिणगी दिसली. लाकडात गाडलेली लोखंडी कडी, कधीतरी बैल बांधायला ठोकलेली. झाडानं तिच्यावरून लाकूड चढवून तिला पूर्ण गिळलं होतं, बाहेर साधा फुगवटाही नव्हता. गावातल्या जुन्या झाडात असं लोखंड निघतंच: खिळे, नाल, तारा. कुऱ्हाडीचं तोंड दुमडलं. कानस घेऊन बसावं लागलं, आणि खाचेचा तळ कडीच्या वर घ्यायचा म्हणून नव्यानं काप धरावा लागला. यात सकाळ गेली.

खाच पोकळीत उघडली तेव्हा आतून कुजक्या लाकडाचा ओलसर भुसा आणि मुंग्या बाहेर आल्या. नानांनी हात घालून पूर्व-पश्चिमेच्या भिंती चाचपल्या. गिरमिटाचा अंदाज बरोबर निघाला होता. मधे काही नाही, दोन्ही टोकांना लाकूड. म्हणजे बिजागरी सलग पट्टी नसून दोन तुकड्यांची होणार. पश्चिमेचा तुकडा वीतभर जाड ठेवायचा, पूर्वेचा त्याच्या निम्मा.

साडेदहा वाजले होते आणि पश्चिमेचा वारा सुरू झाला. आता दोन वाटा होत्या. मागचा काप लगेच सुरू करायचा आणि भर वाऱ्यात संपवायचा, किंवा खाच घेतलेलं झाड रात्रभर तसंच उभं ठेवायचं. वारा पश्चिमेचा म्हणजे घराकडे ढकलणारा. नानांनी दुसरी वाट घेतली. शेंड्याजवळून दोन दोर, एक उत्तरेला खळ्यापलीकडच्या बांधावरच्या निंबाला, दुसरा वायव्येला, ताणून बांधले. गल्ली दोन्हीकडून अडवली. आप्पांचं कुटुंब भावाकडे झोपलं.

माझा याला तेव्हाही विरोध होता आणि आजही आहे. अर्धवट कापलेलं झाड सोडून जाऊ नये, हा या धंद्याचा पहिला नियम. वळवाचं वादळ संध्याकाळी सांगून येत नाही. नानांचा हिशोब असा की खाच पाव खोडापर्यंतच आहे, पूर्वेचा भार उतरलेला आहे, दक्षिण-पश्चिमेचं लाकूड अखंड आहे. भर वाऱ्यात मागचा काप निम्मा झालेला असणं याहून वाईट. हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. पण तो पेच टाळता आला असता. खाच आणि मागचा काप एकाच सकाळी होतील एवढा वेळ हाताशी नसेल, तर खाचेला हातच लावायचा नाही, असं मी धरलं असतं. जुन्या गावठाणातल्या झाडात लोखंड निघणार हे गृहीत धरूनच वेळ काढायला हवा. रात्री वारा पडला होता. त्यामुळे कुणाचं खरं ते ठरलं नाही.

मागचा काप

पहाटे साडेपाचला सुरुवात. विजेची लाइन महावितरणच्या लाइनमननं बंद करून ठेवलेली. ओढायचा दोर निंबाच्या बुंध्याशी बांधलेल्या पुलीतून वळवून पश्चिमेला विहिरीपलीकडे नेला होता, म्हणजे ओढणारी माणसं झाडाच्या वाटेत नाहीत. त्यांना सूचना एकच: नाना हात वर करेपर्यंत दोर नुसता ताणून धरायचा.

करवत सात फुटी, दोन मुठींची. दोन मीटर उंचीवर खोड १.४५ मीटरचं होतं. करवत खोडापेक्षा निदान दोन फूट लांब हवी, नाहीतर ओढ मिळत नाही. ओढ हाच शब्द नीट घ्यायचा. आपली ओढ संपली की मूठ सैल सोडायची, समोरचा ओढतो. ढकललं तर पातं वाकतं, अडकतं, आणि समोरच्याचा दम निघतो. नवख्या जोडीला हेच जमत नाही. या करवतीचे दात साधे त्रिकोणी. अमेरिकी करवतींत कापणाऱ्या दातांच्या मधे भुसा बाहेर ओढणारे वेगळे दात असतात. आपल्या करवतीत भुसा कापात साठतो आणि जाड झाडात पातं जाम होतं. इथे पोकळीचा फायदा झाला. भुसा आत गळत राहिला, जाम पातं सोडवायला ठेवलेली रॉकेलची बाटली फारशी लागली नाही.

नाना करवतीवर नव्हतेच. ते गुडघ्यावर बसून कापातून गळणारा भुसा तळहातावर घेत होते. बाहेरच्या लाकडाचा फिकट, ओलसर. आत गडद, जांभळट तपकिरी. मग भुकटी, म्हणजे पोकळी आली. पूर्वेला भुसा पुन्हा फिकट झाला तेव्हा त्यांनी त्या बाजूच्या पुतण्याला पुढे घ्यायला लावलं, पश्चिमेच्याला थांबवलं. काप तिरका होत गेला. हेच हवं होतं.

कापात बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी बसवल्या, लोखंडाच्या नव्हे. करवतीचे दात पाचरीला लागले तरी मोडू नयेत. पाचरी ठोकून झाड उचलायचा प्रयत्न मात्र नाही. भरीव झाडात तसं करतात. पोकळ झाडात मागची भिंत पातळ, ठोकलं तर ती आत दबते किंवा चिरते. पाचरी फक्त काप मिटू नये म्हणून. झाड हलवायचं काम दोराचं.

साडेसातच्या सुमाराला नानांनी करवत थांबवली. पश्चिमेला वीतभर लाकूड शिल्लक, पूर्वेला त्याहून कमी. करवतीची एक मूठ काढून पातं ओढून घेतलं. दोन्ही पुतणे उतारांवरून खाली. मग हात वर. दोर ताणला तशी मागच्या कापातली फट पाचरीच्या डोक्याशी बोटभर रुंदावली, आणि नाना पाठमोरे न होता, झाडावर नजर ठेवून, उतार उतरले. आधी तुटल्याचा आवाज नाही. शेंडा सरकताना दिसला, मग लाकूड करकरलं, मग बंदुकीसारखे दोन आवाज.

खुंटावर काय दिसलं

झाड ठरवलेल्या रेषेच्या पूर्वेला दीड-दोन मीटर पडलं. एक फांदी आप्पांच्या गोठ्याच्या कुडाच्या कोपऱ्यावर आली. बुंधा मुरमाच्या भरावावर आपटून दक्षिणेला हातभर सरकला. उतार तिरके होते म्हणून तिथे कुणी नव्हतं. बाकी काही नाही.

दीड-दोन मीटर का सरकलं, ते खुंटावर लिहिलेलं होतं. पूर्वेचा तुकडा वाकून शेवटपर्यंत टिकला, त्याचे तंतू आखूड तुटले होते. पश्चिमेच्या तुकड्यातून हातभर लांबीचे तंतू उपटून निघाले होते. म्हणजे त्यानं झाड बरंच धरलं, पण पडण्याचा शेवटचा तिसरा हिस्सा बाकी असताना सोडलं. आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा मऊ, बुरशी लागलेला. गिरमिटाला तो लागला नव्हता, कारण मऊ असला तरी पोकळ नव्हता. २४ सेंटिमीटर मोजलेल्या भिंतीत खरं लाकूड २० च्या आत होतं. नानांनी त्यात नख रोवून पाहिलं आणि पुतण्यांना बोलावून दाखवलं. मऊ लाकडातही गिरमिटाचा रेटा थोडा कमी होतो, तो ओळखायचा तर गिरमिट सावकाश फिरवावं लागतं आणि कीस बोटांत चुरडून पाहावा लागतो.

मी मीटरभर उंचीवरची पश्चिमेची भिंतही कापून पाहायला सांगितली. तिथे १२ मधलं धड लाकूड जेमतेम ७ सेंटिमीटर निघालं. पूर्वेचा विस्तार तसाच ठेवून त्या उंचीवर कापलं असतं, तर त्यानं झाड वळेपर्यंत दम धरला असता असं मला वाटत नाही.

खोडाचा वरचा, धड भाग वाहतूक पास काढून वखारीला गेला. चिंचेच्या गडद गाभ्याला तिथे भाव मिळतो. फिकट लाकडाचे जाड गोल तुकडे खाटकांनी ओंडक्यांसाठी नेले, डहाळ्या गावात चुलीला वाटल्या. पोकळ बुंधा आप्पांना उपटून काढायचा होता. खर्च ऐकून त्यांनी तो जमिनीपासून गुडघाभर ठेवून कापून घेतला. मुरूम पावसाळ्याआधी गल्लीत पसरला. मजुरी ठरल्याप्रमाणे झाली, वर कुऱ्हाडीच्या तोंडाचे पैसे नानांनी वेगळे मागितले आणि आप्पांनी कुरकुरत दिले.